उरलेली उद्या

नाखव्याने कुठलाही गेम कधी संपवला नाही, आणि त्याची नोकरी गेम संपवण्याचीच होती.

आमच्या पनवेलच्या ऑफिसात तो टेस्टर म्हणून लागला होता. टेस्टरचं काम म्हणजे गेम लोकांच्या फोनवर जाण्याआधी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचा आणि कुठे अडतोय, कुठे बिघडतोय ते सांगायचं. नाखवा सांगायचाही झकास. दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही येणार नाही अशी चूक तो बसल्या जागी पकडायचा. पण शेवटची लेव्हल आली की फोन पालथा घालून सरळ चहाला उठायचा. "ह्यो उरलेला कुनाला तरी द्या," म्हणायचा. मग शेजारच्या टेबलावरचं कोणी तरी कुरकुरत तेवढा शेवट खेळून द्यायचं. आमच्या सरांनी एकदा विचारलं, "अरे, तुला शेवटाची ॲलर्जी आहे का?" तो म्हणाला, "आमच्या घरात नाय चालत, सर." सरांना वाटलं, चतुर्थीचा उपास असतो तसलं काही तरी असेल. सगळे हसले. मीही हसले.

नाखवा हे नावही ऑफिसानेच ठेवलेलं. पोरगा उरणच्या मोरा बंदरावरचा, कोळ्याचा, म्हणून नाखवा. एवढी आमची अक्कल. त्याने पहिल्याच आठवड्यात खुलासा केला होता. "नाखवा म्हंजे होडीचा मालक, ताई. माजा बाप दुसऱ्याच्या होडीवर खलाशी व्हता. पन ऱ्हाऊ द्या. हापिसात तरी मालक होऊ." ऑफिस पनवेलमधल्याच उरण नाक्याजवळ, एका मिठाईच्या दुकानाच्या डोक्यावर. खालून दिवसभर तुपाचा वास यायचा, त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. नाखवा सोमवारी गावाहून येताना पिशवीत सुके बोंबील घेऊन आला, तर ती पिशवी जिन्यात ठेवायला लावली. त्याने निमूट ठेवली. दुपारी डब्यात त्याच बोंबलाची चटणी निघाली तेव्हा पहिला हात सरांचा होता.

मी तिथे चित्रं काढायची. जे. जे.त शिकायचं स्वप्न बघितलेली मी फुगे रंगवत होते. आमचे गेम म्हणजे फुगे फोडा, मिठाया जुळवा, रिक्षा पळवा. लोकांनी रांगेत उभं असताना, जेवण शिजत असताना खेळायचं आणि विसरून जायचं. माझे वडील निवृत्त मास्तर. ते दर रविवारी न चुकता विचारत, "मग, या आठवड्यात किती फुगे?" मला या धंद्याची लाजच वाटायची. गेम ही काही गोष्ट सांगायची जागा असू शकते हे मला नाखव्याने शिकवलं. आज ते शिकले नसते तर बरं झालं असतं असं वाटतं, पण शिकले खरी.

तो परदेशातले मोठमोठे गेम खेळलेला होता, अर्थात एकेक पायरी शिल्लक ठेवून. त्यातली गावं, माणसं, त्यांची दुःखं तो अशी सांगायचा की ही सगळी उरणच्या बाजारात याला रोज भेटत असावीत. एकदा मी म्हटलं, यापेक्षा पुस्तक वाच, सिनेमा बघ. तो वैतागला नाही. वडाळे तलावाच्या कठड्यावर बसून आम्ही भेळ खात होतो, त्याने हातातला कागद नीट दुमडला आणि म्हणाला, "ताई, शिनेमात आपन उठून गेलो तरी शिनेमा चालूच ऱ्हातो. त्याला आपली गरज नाय. गेममधे आपन थांबलो का तीतली मानसं बी थांबतात. दारात उभी ऱ्हातात. आपली वाट बघतात. दुसरं काय वाट बघतं सांगा आपली?" त्या दिवसापासून मी फुगेसुद्धा जरा नीट रंगवू लागले.

त्याच्या घरात काय चालत नाही ते मला पुढे मोऱ्याला गेल्यावर कळलं.

त्याची आई उरणच्या बाजारात मासळी विकायची. आवाज असा की बाजाराच्या या टोकाला तिने भाव सांगितला तर त्या टोकाची गिऱ्हाइकं थांबत. संध्याकाळी तीच बाई ओट्यावर कोलंबी सोलत बसली की आळीतली सगळी पोरं भोवती जमायची, कारण ती गोष्टी सांगायची. आणि त्या घराची रीत अशी, की घरातला माणूस दर्यावर असताना सांगायला घेतलेली गोष्ट संपवायची नाही. तो गेला की गोष्ट सुरू करायची, रोज थोडी सांगायची, आणि "उरलेली उद्या" म्हणून उठायचं. होडी धक्क्याला लागली, माणूस घरात आला, जेवला, की मग त्याच्यासमोर शेवट सांगायचा. तिच्या सासूची हीच रीत, सासूच्या सासूचीही हीच.

नाखवा शाळेत होता तेव्हा त्याचे वडील गेले ते आलेच नाहीत. होडी नाही, फळकुट नाही, काही नाही. वडील निघाले त्या दिवशी आईने जी गोष्ट सुरू केली होती ती तिने संपवली नाही. इतकी वर्षं ती तीच गोष्ट सांगत होती. दर संध्याकाळी थोडी, आणि उरलेली उद्या. हातात हिरवा चुडा, कपाळाला कुंकू. गावातल्या बायकांनी आधी समजावलं, मग टोमणे मारले, मग नाद सोडला. नाखवा म्हणाला, "आय येडी नाय, ताई. हिशेबाला तिच्यासारखी दुसरी बाई नाय बाजारात. पन गोष्ट अर्दी हाय तोवर होडी वाटेवर हाय, येवढंच तिचं म्हननं." म्हणून हाही काही संपवत नव्हता. फोनवरचा रिक्षांचा फडतूस गेमसुद्धा.

त्या गोष्टीचा गेम करायचं त्याच्या डोक्यात आलं आणि त्याने ते सरांना सांगितलं. आमच्या सरांना मी दुष्ट म्हणणार नाही. दुष्ट माणसाशी निदान भांडता येतं. सर प्रेमळ होते, सगळ्यांचे वाढदिवस लक्षात ठेवायचे, आणि जगातल्या सगळ्या वस्तूंना कंटेंट म्हणायचे. "आपल्या मातीतला कंटेंट आहे," ते म्हणाले. "करूया. स्पर्धांना पाठवूया." नाखव्याला टेस्टरचा लेखक केला. त्या दिवशी त्याने सगळ्यांना खालच्या दुकानातले पेढे दिले.

आवाज आईचाच हवा असा त्याचा हट्ट. मग मी, तो आणि एक माइक असे मोऱ्याला गेलो. आईने मला आधी जेवायला घातलं, मग माइककडे संशयाने बघितलं. "ह्यात किती मावतं?" तिने विचारलं. कितीही मावतं म्हटल्यावर कोलंबीचं टोपलं पुढे ओढून सुरू झाली.

एक कोळीण होती. तिचा दादला दर्यावर गेला. एका संध्याकाळी दर्या उंबऱ्याशी आला आणि म्हणाला, तुझा दादला माझ्याकडं हाय, मला भूक लागलीय. कोळीण म्हणाली, खा, पण आधी गोष्ट ऐक. दर्या पायरीवर बसला. ती सांगू लागली. तव्यावर जायला नाही म्हणणाऱ्या सुरमईची, स्वतःला विणणाऱ्या जाळ्याची, धक्क्यावरच्या दिव्याला पडलेल्या स्वप्नाची. एक संपत आली की तिच्यातून दुसरी निघायची. "दर्या मोटा ऐकनारा हाय, बाय," आई मला म्हणाली. "पन त्याला धीर नाय. जरा थांबलीस का लगेच इचारतो, 'मंग?' लाट फुटते ना, ती ऐक. 'मंग?' म्हनते." मी ऐकलं. खरंच तसं ऐकू आलं, आणि आजही कुठलाही समुद्र मला तेच विचारतो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो, ती सांगत राहिली. निघताना मी शहाणपणा करून विचारलं, "मावशी, शेवट काय आहे?" तिने सोललेली कोलंबी धुतली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "तो आला का ये. तवा सांगीन."

तो गेम आम्ही केला तसा दुसरा केला नाही. खेळणारा म्हणजे कोळीण. समोर दर्या बसलेला. तो "मंग?" विचारतो, आणि आपण गावात फिरून काहीतरी शोधून आणायचं, फाटकं जाळं, कोणाची तरी वहाण, विझलेला दिवा. जे आणू त्यातून आईच्या आवाजात पुढची गोष्ट निघते. दर्या ऐकतो तोवर लांबवर होडीचा ठिपका दिसत राहतो. खेळ थांबवायला "बंद करा" असं बटण नव्हतंच. "उरलेली उद्या" असं होतं. आणि शेवट नव्हता. नाखवा चित्रं तपासायला माझ्या खुर्चीमागे उभा राहायचा. एकदा मी होडीवर चढणाऱ्या माणसाच्या पायात चपला काढल्या तर म्हणाला, "ताई, होडीत पायतान घालून कोन चडतं? लक्षुमी हाय ती." मी चपला पुसल्या. माझ्या वडिलांना मी तो गेम दाखवला. मास्तरांनी चष्मा लावून खेळायला घेतला आणि जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. त्या रविवारी त्यांनी फुगे विचारले नाहीत.

मग तो गेम नव्या टेस्टरकडे गेला. त्याने चुकांच्या यादीत सर्वांत वर लिहिलं: गेम संपत नाही.

नाखवा आधी खूप हसला. गेम जी बाहेर बाजारात आणणार होती ती मंडळी मात्र हसली नाहीत. त्यांचंही म्हणणं तेच, की लोक इतका वेळ देतात तर त्यांना शेवट पाहिजे. सरांनी बैठक बोलावली. "प्लेअरला क्लोजर हवं," ते म्हणाले. या शब्दाला आपल्याकडे काय म्हणतात ते मला अजून सापडलेलं नाही. आपल्याकडे माणसं वाट बघतात नाहीतर बघायची सोडतात, यांना तिसरंच काहीतरी पाहिजे होतं, आणि तेही लवकर.

तेव्हा नाखव्याने जे कधीच कोणाला सांगितलं नव्हतं ते भर बैठकीत सांगितलं. वडील, होडी, आईची रीत, तिचा चुडा. सावकाश, नीट प्रमाण भाषेत, शाळेत पाठ म्हणून दाखवावं तसं सांगितलं. शेवटी म्हणाला, "सर, बाकी काहीही बदला. ही गोष्ट संपवू नका. ती माझ्या आईची आहे." सरांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. त्यांनी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "किती पॉवरफुल आहे रे हे! हेच आपण एंडिंगला घेऊ."

आईने शेवट सांगायला नकार दिला असता हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिला कोणी विचारलंच नाही. विचारायची गरजही नव्हती. तिचं तासन् तासांचं रेकॉर्डिंग आमच्याकडे होतं. ते यंत्राला ऐकवलं की यंत्र तिच्या आवाजात हवं ते बोलतं. शेवटचं चित्र काढायला मी साफ नाही म्हटलं, तर तेही यंत्राकडून काढून घेतलं. रिकामा किनारा, विझलेला दिवा, आणि वर एक भलामोठा चंद्र. कोळिणीच्या आठवणीत होडीत चढणारा माणूस दाखवला होता, त्याच्या पायात चपला होत्या. आणि आवाज? आवाज हुबेहूब तिचा. मला वाटलं होतं निदान कुठेतरी फसेल, पुस्तकी बोलेल. नाही फसला. "आनि मंग ती समजली, तो येनार नाय. तिनं दिवा मालवला. संपली गोष्ट." ते 'नाय'सुद्धा तिचंच.

गेम बाहेर पडला. लोक रडले. शेवट बघून आम्ही ढसाढसा रडलो असं पोरापोरींनी लिहिलं. सरांनी केक आणला, त्यावर क्रीमची होडी होती. नाखव्याने गावी कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आईचा फोन साधा, बटणांचा, त्यामुळे तो निश्चिंत होता. पण फोन काय फक्त आईकडेच असतो? शेजारची मुलगी मोठ्या कौतुकाने ओट्यावर आली, "मावशे, तुजा आवाज बग कुटं पोचलाय!" म्हणत तिने थेट शेवटच लावला. सगळे शेवटाबद्दलच बोलत होते ना.

पुढचं मला नाखव्याने फोनवर सांगितलं. आईने ऐकलं. मुलीला खोबऱ्याची वडी दिली आणि घरी पाठवलं. आळीतली पोरं नेहमीसारखी जमली तर म्हणाली, "संपली. जावा." नाखवा धावत गावी गेला. तिच्या पायाशी बसून त्याने सांगितलं, आय, ती तू नव्हतीस, ती मशीन होती, मशीनला कोणाचाही आवाज काढता येतो. तिने ऐकून घेतलं. ती अडाणी नव्हती, तिला सगळं समजलं. ती म्हणाली, "मशीन आसंल रं. पन दर्याला काय म्हाईत? त्यानं तर माजाच आवाज ऐकला." दुसऱ्या दिवशी सकाळी ती धक्क्यावर गेली, चुडा उतरवला आणि पाण्यात सोडला. कुंकू तिथेच पुसलं. घरी येऊन टोपलं उचललं आणि बाजाराला गेली.

नाखवा ऑफिसात परत आला नाही. त्याच्या खुर्चीवर काही दिवस त्याची पिशवी होती, मग तीही कोणीतरी जिन्यात ठेवली. मी सरांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मला सुट्टीची गरज आहे असं म्हणाले. मीही नोकरी सोडली. आता मुंबईत शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. गेमवाल्यांवर माझा राग नाही असं लोकांना सांगते, ते खोटं आहे. राग आहे. एवढं मोठं काहीतरी यांच्या हातात आलं होतं, माणसाची वाट बघू शकणारी गोष्ट, पहिल्यांदाच, आणि यांनी तिचं काय केलं?

मध्यंतरी मी मोऱ्याला जाऊन आले. आई ओट्यावर कोलंबीच सोलत होती. मला ओळखलं, जेवायला वाढलं, माझ्या वडिलांची चौकशी केली. हात मोकळे. भोवती एकही पोर नव्हतं. मी गोष्टीचं नाव काढलं नाही आणि तिनेही नाही. बाहेर लाटा फुटत होत्या, त्यांच्याकडे तिचं लक्ष नसावं असं मी मनाशी म्हणत राहिले.

नाखवा मला मुंबईच्या लाँचवर सोडायला आला. तो आता बंदरात कंटेनर मोजायच्या कामावर आहे. ओहोटी होती. मोऱ्याच्या धक्क्याला ओहोटीला एवढा गाळ असतो की लाँच लागत नाही, भरतीची वाट बघावी लागते. आम्ही पायऱ्यांवर बसलो. त्याने खिशातून फोन काढला आणि खेळू लागला. मी वाकून बघितलं. आमच्याच जुन्या ऑफिसचा फुग्यांचा गेम, मीच रंगवलेले फुगे. तो पटापट फोडत होता, सराईतासारखा. शेवटची लेव्हल आली. मी नकळत त्याच्या हाताकडे बघत राहिले, आता फोन पालथा घालेल म्हणून.

त्याने शेवटचा फुगा फोडला. पडद्यावर फटाके उडाले.

"संपवलास?" मी म्हटलं.

"आता समदे संपवतो, ताई," तो म्हणाला. "मोबाईलमधी ठेवून काय करायचं? कोन येनार हाय?"

लांबून लाँचचा भोंगा ऐकू आला. पाणी पायरीपर्यंत चढलं होतं आणि एकेक लाट दगडावर आपटत होती. त्या लाटेसारखंच माझ्याही तोंडून निघून गेलं, "मंग?"

नाखव्याने फोन खिशात टाकला. माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"मंग काय नाय," तो म्हणाला. "चला, लाँच लागली."